लॅरी मॅकमर्ट्री : गुराख्यांच्या घरातला पुस्तकवाला

पानगळ | १४ जून, रात्री ९:४०

गेल्या महिन्यात 'लोन्सम डव्ह' दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पंचविशीत होतो. घोडे, पूर आलेल्या नद्या, वादळं आणि दोन म्हाताऱ्या दोस्तांची गोष्ट म्हणून ती मनात राहिली होती. आता पन्नाशी ओलांडल्यावर तीच पानं वाचताना घशाशी काहीतरी अडकत होतं. मग लेखकाची आत्मकथनं, निबंध, त्याच्या पुस्तकांवरचे सिनेमे असं एकेक काढत बसलो. इथे त्याच्यावर धागा सापडला नाही, म्हणून मीच काढतोय. कादंबऱ्यांचे शेवट येतील. ज्यांना आधी वाचायच्या आहेत त्यांनी इथेच थांबावं.

लॅरी मॅकमर्ट्रीचा जन्म ३ जून १९३६ चा. उत्तर टेक्सासमध्ये आर्चर सिटी नावाचं गाव आहे, त्याच्या बाहेर या घराण्याची रँच होती. आजी-आजोबा मिझुरीतून आले आणि त्या उघड्या, वाऱ्याच्या माळावर त्यांनी गुरं पाळायला सुरुवात केली. वडील आणि बहुतेक सगळे चुलते याच धंद्यात. घरात जनावरं होती, खोगीर होतं, ओसरीवर बसून सांगितलेल्या गोष्टी होत्या, पण पुस्तक एकही नव्हतं. १९४२ साली एक चुलतभाऊ सैन्यात भरती व्हायला निघाला आणि जाताना १९ पुस्तकांचं एक खोकं या सहा वर्षांच्या पोराकडे सोडून गेला. मॅकमर्ट्रीने पुढे कितीतरी वेळा लिहिलंय की त्याचं आयुष्य त्या खोक्यापासून सुरू झालं. घोड्यावर बसण्यात तो चुलत्यांच्या तोडीचा नव्हता, गुरांत त्याचं मन नव्हतं, आणि आपला मुलगा हे पुढे चालवणार नाही हे वडिलांना दिसत होतं. तो मोठा होत होता तेव्हा तो धंदाही विझत चालला होता. लांबवर कळप हाकत नेण्याचे दिवस काटेरी तारेने आणि रेल्वेने केव्हाच संपवले होते. उरल्या होत्या त्या आठवणी, आणि त्या सांगणारे म्हातारे.

हे एवढं लांबवून सांगतोय कारण मला त्याचं सगळं लेखन इथूनच निघालेलं दिसतं. एखादी गोष्ट जगातून जात असताना तिच्या जवळ उभं राहायचं, ती खरी कशी होती ते सांगायचं आणि तिला उगाच सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. हा माणूस आयुष्यभर हेच करत राहिला.

पहिली कादंबरी 'हॉर्समन, पास बाय' १९६१ ची, तेव्हा तो २५ वर्षांचा. दोनच वर्षांत तिच्यावर 'हड' हा सिनेमा आला, नायक पॉल न्यूमन. पटकथा त्याची नव्हती, अर्व्हिंग रॅव्हेच आणि हॅरिएट फ्रँक यांची होती. सिनेमाला तीन ऑस्कर मिळाले. मधल्या काळात तो स्टॅनफर्डला वॉलेस स्टेग्नर शिष्यवृत्तीवर जाऊन आला, 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'वाल्या केन कीसीबरोबर एकाच वर्गात बसला. मग ह्यूस्टनला राइस विद्यापीठात शिकवू लागला.

१९६६ साली 'द लास्ट पिक्चर शो' आली. गावातलं एकुलतं एक थिएटर बंद पडतं, तेवढंच काय ते कथानक. बाकी सगळी माणसं : शाळा संपत आलेली दोन पोरं, एकटेपणाने पोखरलेली प्रशिक्षकाची बायको, आणि पूल हॉल, थिएटर, खाणावळ चालवणारा सॅम. आर्चर सिटीच्या लोकांनी त्यात स्वतःला ओळखलं आणि ती ओळख अनेकांना रुचली नाही. पीटर बोगदानोविचने १९७१ साली सिनेमा केला तो त्याच गावात, तोही काळ्यापांढऱ्यात. पटकथा दोघांनी मिळून लिहिली. आठ ऑस्कर नामांकनं झाली, त्यात पटकथेचंही एक होतं. सॅम झालेल्या बेन जॉन्सनला आणि प्रशिक्षकाच्या बायकोचं काम केलेल्या क्लोरिस लीचमनला पुरस्कार मिळाले. गावातलं खरं रॉयल थिएटर १९६५ मध्येच जळालं होतं. सिनेमात दिसतो तो त्याचा उरलेला दर्शनी भाग. पडद्यावर शेवटचा खेळ दाखवलाय 'रेड रिव्हर'चा, म्हणजे कळप हाकत नेणाऱ्यांच्याच सिनेमाचा. आजोबांच्या पिढीचं काम नातवांच्या पिढीला फक्त पडद्यावर दिसतं, आणि तो पडदाही त्या रात्री विझतो. मी हे दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं.

आता 'लोन्सम डव्ह'. ही कादंबरी आधी पटकथा होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बोगदानोविचसाठी लिहिलेली, नाव 'स्ट्रीट्स ऑफ लरेडो'. जॉन वेन, जेम्स स्टुअर्ट आणि हेन्री फोंडा या तीन थकलेल्या दिग्गजांना एकत्र आणायचं होतं. वेनने नकार दिला आणि सगळं बारगळलं. पटकथा स्टुडिओच्या कपाटात पडून राहिली. बऱ्याच वर्षांनी मॅकमर्ट्रीने ती ३५,००० डॉलर मोजून स्वतःच परत विकत घेतली आणि कादंबरी लिहायला घेतली. नाव काही केल्या सुचत नव्हतं. एकदा रस्त्याने जाताना एका चर्चची जुनी गाडी दिसली, तिच्यावर 'लोन्सम डव्ह बॅप्टिस्ट चर्च' असं रंगवलेलं होतं. ते त्याने उचललं. १९८५ मध्ये साडेआठशेच्या आसपास पानांची कादंबरी आली, १९८६ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. १९८९ साली रॉबर्ट ड्युव्हाल आणि टॉमी ली जोन्स यांना घेऊन चार भागांची दूरचित्रवाणी मालिका झाली, ती तर टेक्सासमध्ये घरोघरी पोचली.

गंमत न वाटता खंत वाटावी अशी गोष्ट यापुढे आहे. १९८१ मध्ये याच माणसाने एका लांबलचक निबंधात टेक्सासच्या लेखकांना खडसावलं होतं : रँच, घोडे, गेलेले दिवस हे आता पुरे, तुम्ही राहता त्या शहरांबद्दल लिहा. चार वर्षांनी त्याचीच घोड्यांवरची कादंबरी आली. त्याच्या मते ती काउबॉयच्या मिथकाची उलटतपासणी होती. लोकांनी मात्र ती त्या मिथकाची पोथी करून टाकली. त्याने स्वतः प्रस्तावनेत लिहिलंय की आपल्याला गरिबाघरचा नरकलोक लिहायचा होता, आणि हाती लागलं ते पश्चिमेचं 'गॉन विथ द विंड'.

यावर तुमचं काय मत? मी आत्ता थांबतो. पुस्तकांचं दुकान, आजारपण आणि 'ब्रोकबॅक माउंटन' यावर नंतर लिहितो.


केतकीबन | १४ जून, रात्री १०:५५

फार सुंदर लिहिलंय. मला हा माणूस फक्त 'टर्म्स ऑफ एन्डिअरमेंट'चा लेखक म्हणून माहीत होता. आई-मुलीच्या गोष्टीचा लेखक आणि काउबॉयवाला एकच आहे हे आज कळलं.

तो सिनेमा (१९८३) मी आईबरोबर बघितला होता, रुग्णालयातल्या दृश्याला आम्ही दोघीही एकमेकींकडे बघू शकलो नव्हतो. नंतर कादंबरी मिळवून वाचली (१९७५ ची आहे) आणि बुचकळ्यात पडले. जॅक निकल्सनचा तो शेजारी अंतराळवीर पुस्तकात नाहीच! तो जेम्स एल. ब्रुक्सने पटकथेत आणला. आणि पुस्तकाचा मोठा भाग आईचा, ऑरोराचा आहे. तिचे चाहते, तिची मोलकरीण रोझी, ह्यूस्टनच्या उन्हाळ्यातले तिचे तोरे. मुलीची, एमाची गोष्ट अगदी शेवटच्या छोट्या भागात येते आणि म्हणूनच अंगावर येते. इतक्या वेळ आईच्या थाटामाटात रमलेलो असतो आपण, आणि मुलगी मागे एकटीच जगत असते.

लेखकाला असले बदल चालले?


पानगळ | १५ जून, सकाळी ७:१०

केतकीबन, चालले. आपल्या पुस्तकांचे सिनेमे दुसऱ्यांनी करावेत असंच त्याला वाटायचं. लिहून झालेल्या कादंबरीत त्याला फार रस उरत नसे. 'हड'बद्दल त्याने १९६८ च्या निबंधसंग्रहात लिहिलंय, त्यात स्वतःच्याच पुस्तकावर तो जास्त कडक आहे. पटकथा हे त्याच्या दृष्टीने कामगाराचं काम होतं, चोख करायचं आणि मोबदला घ्यायचा. त्या मोबदल्यातून तो पुस्तकं विकत घ्यायचा, हजारोंनी.


पशुवैद्य_सांगली | १५ जून, दुपारी २:२५

मी साहित्यातला नाही, पण 'हड' मला व्यवसायामुळे पाहावा लागला. शिकत असताना आमच्या एका प्राध्यापकांनी तो दाखवला होता. कारण त्यात लाळ्या-खुरकत आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : म्हातारा होमर बॅनन मेक्सिकोहून आलेली गुरं विकत घेतो. एक गाय मेलेली सापडते. सरकारी पशुवैद्यक येतात, तपासणी होते, निदान पक्कं होतं. मग सगळा कळप एका मोठ्या खड्ड्यात उतरवतात आणि काठावरून गोळ्या घालतात. होमरकडे दोन जुने लाँगहॉर्न, म्हणजे लांब शिंगांचे बैल असतात, त्या जातीची शेवटची आठवण म्हणून सांभाळलेले. त्यांना तो स्वतः गोळी घालतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही.

आपल्याकडे हा रोग शेतकऱ्याला घरच्या पाहुण्यासारखा ओळखीचा. तोंडात फोड, लाळेच्या तारा, खुरात जखमा, जनावर लंगडतं, दूध आटतं. मोठी जनावरं बहुतेक वाचतात, वासरं दगावतात, आणि वाचलेलं जनावर पहिल्यासारखं कामाला येत नाही. आपण लस टोचतो, आता राष्ट्रीय कार्यक्रमात वर्षातून दोनदा. अमेरिकेत मात्र धोरण वेगळं : रोग दिसला की अख्खा कळप मारायचा, कारण तो देशात शिरूच द्यायचा नाही. त्यांच्याकडे शेवटची साथ १९२९ ची. पण १९४६ नंतर मेक्सिकोत मोठी साथ होती आणि सरहद्दीवरच्या टेक्सासमध्ये तिची धास्ती किती असेल याची मी कल्पना करू शकतो. कादंबरीकाराने तो काळ अचूक पकडला आहे.

त्या प्रसंगात होमरचा मुलगा हड आजारी गुरं गुपचूप विकून टाकायचा सल्ला देतो आणि म्हातारा नाही म्हणतो. असे दोन्ही प्रकारचे मालक मी पाहिलेत. गोठ्याच्या दारात उभं राहून 'डॉक्टर, बाजार उद्या आहे' एवढंच बोलणारा माणूसही पाहिलाय. त्याच्या घरी मुलीचं लग्न होतं. त्याला मी हड म्हणू शकलो नाही.


अव्यक्त | १५ जून, रात्री ८:०५

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला.

'हड'बद्दल एक भर घालतो. न्यूमन आणि दिग्दर्शक मार्टिन रिट यांना हड हा हाडाचा स्वार्थी माणूस दाखवायचा होता, आणि तरुण प्रेक्षकांनी त्याचेच फोटो भिंतीवर लावले. म्हणजे पानगळ 'लोन्सम डव्ह'बद्दल जे म्हणतायत ते मॅकमर्ट्रीच्या पहिल्याच पुस्तकापासून सुरू होतं. तो दाखवतो एक आणि लोक घेतात दुसरं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. कादंबरीत घरकाम करणारी हालमिया ही कृष्णवर्णीय बाई आहे, आणि हड तिच्यावर बलात्कार करतो. सिनेमात ती गोरी अल्मा झाली आणि अत्याचाराचा फक्त प्रयत्न उरला. पॅट्रिशिया नीलने काम अप्रतिम केलंय, ऑस्कर तिचा हक्काचा होता. पण १९५०च्या दशकातल्या टेक्सासबद्दल पुस्तक जे सांगत होतं, त्यातला सगळ्यात जड दगड पडद्यावर येताना काढून ठेवला गेला. हड भिंतीवर जाऊ शकला त्याला हेही एक कारण आहे असं माझं मत.

आणि मूळ प्रश्नावर : मी पानगळ यांच्याशी पूर्ण सहमत नाही. 'लोन्सम डव्ह' ही मिथकाची उलटतपासणी आहे म्हणता, पण गस मॅक्रेसारखा बोलका, प्रेमळ, शूर माणूस नायक म्हणून दिल्यावर वाचकाने काय करायचं? तो मरतो तेसुद्धा दुसरा पाय कापू न देता, हसत, चिठ्ठ्या लिहून. लेखकालाच तो आवडलाय. लोकांवर दोष टाकणं मला पटत नाही.


गौरी_टेक्सास | १६ जून, पहाटे ५:५० (इथली संध्याकाळ)

डॅलसमध्ये १६ वर्षं झाली, त्यामुळे लिहायलाच हवं. अव्यक्त, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि इथे राहून मला तो रोज दिसतो. माझ्या ऑफिसात गस आणि त्याचा दोस्त कॉल ही नावं लोक घरच्या माणसांसारखी घेतात. एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या अंत्यसंस्कारात गसचा एक उतारा वाचला गेला. त्या माणसाने आयुष्यात गाय हाकली नव्हती, विमा कंपनीत नोकरी केली. त्याला त्या पुस्तकाने काहीतरी दिलं होतं, ते खोटं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आम्ही २०११ मध्ये आर्चर सिटीला गेलो होतो. डॅलसहून दोनेक तासांचा रस्ता. दगडी कोर्ट, समोर चौक, रॉयल थिएटर, आणि चौकाभोवती त्याची पुस्तकांची दुकानं. दुकान म्हणजे एक नाही, चार इमारती! 'बुक्ड अप' नाव. १८०० वस्तीच्या गावात चार लाखांहून जास्त जुनी पुस्तकं. तीन इमारतींत तर माणूसच नव्हता. पाटी लावलेली : पैसे द्यायला पहिल्या इमारतीत या. आम्ही दीड तास एकटे फिरत होतो. बाहेर ४२ अंश सेल्सिअसचा उन्हाळा, आत जुन्या कागदाचा वास आणि पंख्यांचा आवाज. माझ्या नवऱ्याला एका कपाटात भारतातल्या रेल्वेवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं, ते अजून आमच्याकडे आहे.

तो स्वतः दिसला नाही. पण पुस्तकांवर आत पेन्सिलने किंमत लिहिलेली होती आणि काउंटरवरच्या बाईने सांगितलं की यातलं बरंचसं अक्षर त्याचंच.


ठाण्याचे_आजोबा | १६ जून, सकाळी ९:३०

गौरीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मन भरून आलं. मी ४० वर्षं फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून पुस्तकं घेतली. तिथले विक्रेते गेले तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं झालं. म्हणून विचारतो, या लेखकाला दुकान काढावंसं का वाटलं? पुस्तकं लिहून आणि सिनेमे लिहून भागत नव्हतं का?


पानगळ | १६ जून, रात्री १०:२०

आजोबा, भागत होतं. उलट सिनेमाचा पैसा दुकानात जात होता. तो स्वतःला आधी पुस्तकविक्रेता मानायचा असं त्याच्या 'बुक्स' (२००८) या आत्मकथनातून वाटतं. त्यात कादंबऱ्यांबद्दल चार ओळी आणि कुठल्या विधवेच्या माळ्यावर कुठला संग्रह सापडला याबद्दल चार पानं. राइसमध्ये शिकवत असतानाच तो जुनी पुस्तकं हेरून विकायचा. १९७१ मध्ये मार्शिया कार्टर या भागीदार बाईंबरोबर वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात त्याने 'बुक्ड अप' काढलं. पुढे भाडी परवडेनाशी झाली आणि एकेक जुनी दुकानं बंद पडायला लागली, तेव्हा तो त्यांचा साठाच्या साठा विकत घ्यायचा आणि ट्रक भरून आर्चर सिटीला पाठवायचा. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावासारखं काहीतरी टेक्सासच्या माळावर करायचं होतं. (आपल्याकडे भिलारला पुस्तकांचं गाव झालं तेव्हा मला त्याचीच आठवण आली होती. तिथे स्ट्रॉबेरीची शेतं, इथे तेलाचे पंप.)

ज्या घरात एकही पुस्तक नव्हतं त्या गावात त्याने लाखो नेऊन ठेवली. पुस्तकांचे कळप केले असं त्यानेच कुठेकुठे सुचवलंय : वडील गुरं गोळा करायचे, मी पुस्तकं.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये त्याने तीन लाखांवर पुस्तकं लिलावात काढली आणि एकच इमारत ठेवली. वय ७६. मागे राहणाऱ्यांवर एवढं ओझं टाकायचं नाही म्हणाला. त्या लिलावाला नाव दिलं होतं 'द लास्ट बुक सेल'. गौरीताई, तुम्ही एक वर्ष आधी गेलात, तुम्ही ते भरलेलं पाहिलंत.


अव्यक्त | १६ जून, रात्री ११:०२

पानगळ, माझ्या प्रश्नाला बगल दिलीत :) गसचं काय?


पानगळ | १७ जून, सकाळी ६:४५

बगल नाही, रात्री उत्तर लिहून पुन्हा खोडलं. आता शांतपणे लिहितो.

गस लेखकाला आवडलाय, मान्य. पण कादंबरी मला गसची वाटत नाही. ती वुड्रो कॉलची आहे. दोघं जुने टेक्सास रेंजर, आता मेक्सिकोच्या सरहद्दीवर रिओ ग्रांदेच्या काठी धुळीत बसून घोडे विकतात. कॉलच्या डोक्यात येतं की मोंटानात अजून कुणी गुरं नेली नाहीत, आपण नेऊ. का, याला उत्तर नाही. जवळजवळ ३,००० मैल. वाटेत एक पोरगा नदीत पाणसापांनी मरतो, विजा पडतात, टोळ येतात, आणि डीट्स मरतो, जो त्या सगळ्यांत शहाणा होता. शेवटी मोंटाना मिळतं, आणि त्या मिळण्याचा कॉलला काडीचा आनंद नसतो. गस मरताना सांगतो मला टेक्सासमध्ये त्या ओढ्याकाठच्या राईत पुर. कॉल ते प्रेत घेऊन एकटा सगळी वाट परत येतो.

हे लेखकाने हवेतून काढलेलं नाही. १८६७ साली ऑलिव्हर लव्हिंग हा गुरांचा व्यापारी कोमांचींच्या हल्ल्यात जखमी झाला, जखम सडून न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला मेला, आणि त्याचा भागीदार चार्ल्स गुडनाइटने दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याचं प्रेत टेक्सासला वेदरफर्डला आणलं. डीट्सच्या थडग्यावर कॉल जे कोरतो त्यामागेही गुडनाइटने आपल्या बोस आयकार्ड या कृष्णवर्णीय साथीदारासाठी उभारलेला दगड आहे. टेक्सासची ही सर्वांत लाडकी खरी गोष्ट. मॅकमर्ट्रीने ती घेतली आणि तिच्या शेजारी एक न्यूट ठेवला.

न्यूट हा सतरा वर्षांचा पोर कॉलचा मुलगा आहे. सगळ्यांना माहीत आहे. गस सतत टोचतो, गसची जुनी प्रेयसी क्लारा तोंडावर सुनावते. कॉल निघताना न्यूटला आपली घोडी देतो, बंदूक देतो, स्वतःच्या वडिलांचं घड्याळ देतो. 'तू माझा मुलगा' हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. मेलेल्या मित्राला दिलेला शब्द पाळायला तो ३,००० मैल जातो आणि जिवंत मुलाला एक शब्द देऊ शकत नाही. मॅकमर्ट्रीने स्पष्ट म्हटलं होतं की या पुस्तकाचा गाभा गुरं मोंटानाला नेण्यात नाही, तो न स्वीकारलेल्या बापपणात आहे.

पंचविशीत मला हे दिसलंच नव्हतं. माझे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. शब्द पाळणारे, वेळेवर पैसे पाठवणारे, सायकल दुरुस्त करून देणारे. घड्याळ माझ्याकडे आहे.


अव्यक्त | १७ जून, सकाळी ८:१५

स्मायली मागे घेतो. पुन्हा वाचतो पुस्तक.


मुग्धा_म | १७ जून, दुपारी ४:४०

मला 'ब्रोकबॅक माउंटन'बद्दल, दोन काउबॉयच्या प्रेमाच्या त्या सिनेमाबद्दल वाचायचंय. तो सिनेमा माझ्या आयुष्यात फार महत्त्वाचा आहे, याहून जास्त इथे लिहित नाही. पटकथा एका सत्तरीच्या टेक्सासी माणसाने लिहिली हे कळलं तेव्हा धक्का बसला होता. तो यात कसा आला?


पानगळ | १७ जून, रात्री ९:५५

मुग्धा, तो आला एका बाईमुळे, डायना ओसाना.

१९९१ च्या डिसेंबरमध्ये त्याची हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली, चार बायपास. शरीर सावरलं, मन नाही. त्याने लिहिलंय की शस्त्रक्रियेआधीचा माणूस कुठेतरी निघून गेला आणि आपण त्याची बाह्यरेषा तेवढे उरलो. लाखो पुस्तकांच्या मालकाला वाचता येईना. ओसाना ही ॲरिझोनात टुसानला राहणारी मैत्रीण, तिने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. तिथल्या सोफ्यावर पडून तो दिवस दिवस डोंगरांकडे बघत राहायचा. पण सकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टाइपरायटर ठेवून नेमाने पानं मात्र काढायचा. ती ती पानं संगणकावर उतरवून घ्यायची. तिथून त्यांची लेखनाची भागीदारी सुरू झाली.

१९९७ च्या ऑक्टोबरमध्ये 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात लेखिका ॲनी प्रूची ती कथा आली. ओसानाने रात्री वाचली, त्याच्यापुढे ठेवली आणि वाचायला लावली. दोघांनी लगेच प्रूला पत्र लिहून हक्क मागितले, स्वतःच्या पैशाने घेतले, आणि काही महिन्यांत पटकथा तयार झाली. मग सात-आठ वर्षं ती फिरत राहिली. वाचणारे वाहवा करायचे, काम करायला नट तयार होत नसत. २००५ मध्ये दिग्दर्शक ॲंग लीने सिनेमा केला.

कथा लहान आहे. पटकथेत जी भर आहे ती मुख्यतः घरांची : बायका, पोरं, भाड्याच्या खोल्या, धुणं, पगार पुरत नाही ही कुरकुर. दोघांतल्या एकाची, एनिसची बायको आल्मा दारातून त्या दोघांना पाहते आणि नंतर कित्येक वर्षं काही बोलत नाही, ते घर 'लास्ट पिक्चर शो'वाल्याच्या ओळखीचं आहे. मला वाटतं त्याला त्यात नवं काही लिहायचं नव्हतंच. न बोलता येणारे पुरुष तो १९६१ पासून लिहीत होता.

मार्च २००६ मध्ये ऑस्कर घ्यायला तो वरती कोट आणि खाली जीन्स, काउबॉय बूट घालून गेला. भाषणात जगभरच्या पुस्तकविक्रेत्यांचे आभार मानले, अगदी जुन्या पेपरबॅकच्या टपरीपासून मोठ्या दुकानांपर्यंत, आणि हा सिनेमा आधी पुस्तक होता याची आठवण करून दिली. त्याआधी गोल्डन ग्लोबच्या वेळी आपल्या हर्मिस ३००० टाइपरायटरचे आभार मानले होते.


मुग्धा_म | १७ जून, रात्री ११:३०

धन्यवाद. शर्टांचा प्रसंग मी आजही सलग बघू शकत नाही.


ठाण्याचे_आजोबा | १८ जून, सकाळी १०:००

टपरीवाल्यांचे आभार ऑस्करच्या व्यासपीठावरून! हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फाउंटनच्या माझ्या मित्रांना मी नक्की सांगितलं असतं. त्यांना फार बरं वाटलं असतं.

शेवटची वर्षं कशी गेली त्यांची?


गौरी_टेक्सास | १८ जून, रात्री ८:१५

आजोबा, २०११ मध्ये त्यांनी फेय कीसींशी लग्न केलं. पानगळ यांनी वर केन कीसीचा उल्लेख केलाय, त्यांची पत्नी. कीसी २००१ मध्ये गेले होते. स्टॅनफर्डच्या दिवसांपासूनची, पन्नास वर्षांची ओळख. नंतर राष्ट्रीय मानव्यविद्या पदक मिळालं, ओबामांच्या हस्ते. २५ मार्च २०२१ ला ते गेले, वय ८४. इथल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी होती. मुलगा जेम्स मॅकमर्ट्री गीतकार-गायक आहे. त्याची गाणी ऐकलीत तर बापाचीच नजर दिसेल, छोट्या गावांवर आणि थकलेल्या माणसांवर.

तरुणपणी मॅकमर्ट्री एक टीशर्ट घालत, त्यावर छापलेलं असे 'दुय्यम प्रादेशिक कादंबरीकार'. कुणा समीक्षकाचे शब्द.


केतकीबन | १० जुलै, रात्री १२:२०

धागा वर काढतेय. या धाग्यामुळे 'लोन्सम डव्ह' घेतली आणि आत्ता, या क्षणी संपवली. घरात सगळे झोपलेत, कुणाशी तरी बोलायचंय.

शेवटाला कॉल त्या ओसाड गावात परत येतो, दारूचा गुत्ता जळालेला, आणि कुणीतरी सांगतं की मालक त्या निघून गेलेल्या मुलीच्या आठवणीने आतच बसून राहिला. बास, संपलं? एवढी पानं ज्यांच्याबरोबर चालले ती सगळी मागे कुठे कुठे पुरलेली, आणि ती मुलगी, लोरेना, तिकडे क्लाराच्या घरी. क्लारा मला सगळ्यांत आवडली. तिने कॉलला जे सुनावलं तेव्हा मी मोठ्याने 'बरं झालं' म्हणाले.

पानगळ, तुम्ही घड्याळाचं लिहिलं होतंत ते मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं. आता परत वर जाऊन वाचलं.

पुढचा भाग आहे ना? त्यात न्यूट भेटतो का? कॉल त्याला सांगतो का शेवटी?


पानगळ | १० जुलै, सकाळी ६:३०

आहे, 'स्ट्रीट्स ऑफ लरेडो', १९९३. बारगळलेल्या पटकथेचं नाव त्याने शेवटी या पुस्तकाला दिलं. न्यूटचं मी सांगत नाही. घोडी आठवते ना, कॉलने दिलेली? ती विसरू नका. आणि लगेच घेऊ नका, दोन आठवडे जाऊ द्या. ओसानाच्या ओट्यावर त्या सकाळी जी पानं निघत होती असं मी मुग्धाला लिहिलं होतं, ती याच पुस्तकाची.